विंडोज ११ : टास्कबार आणि मराठी कळफलक

प्रश्न (फोंडा) : आमच्या वाचनालयातील संगणकावर नुकतेच विंडोज ११ बसवले आहे. टास्कबारवरील (पडद्याच्या तळाच्या पट्टीवरील) चिन्हे मध्यभागी आल्यामुळे ज्येष्ठ वाचकांचा गोंधळ उडतो, शिवाय मराठी आणि इंग्रजी आलटून पालटून टंकावे लागते. कृपया उपाय सुचवावा.

उत्तर (म्हापसा) : टास्कबारच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा आणि ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा.

उत्तर (मडगाव) : सेटिंग्जमधील ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडून तिच्या पर्यायांतून कळफलक निवडावा, नंतर विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. ‘फोनेटिक’ कळफलक रोमन अक्षरांनी टंकणाऱ्यांना सोयीचा आहे. तरीही मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकाचाच आग्रह धरेन, कारण त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असल्याने हात लवकर बसतो आणि देवनागरी कोकणीसाठीही तीच सवय कामी येते, जे आपल्याकडच्या वाचनालयात फार मोलाचे आहे.

उत्तर (डिचोली) : ज्येष्ठांसाठी सेटिंग्जच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मधील ‘टेक्स्ट साइझ’ही वाढवावा, अक्षरे २२५ टक्क्यांपर्यंत मोठी होतात, मात्र ‘अप्लाय’ दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही.