रानभाज्या आणि रानातला चहा : काय तोडावं, काय टाकावं (अनुभव धागा)

मृगाचा पाऊस पडला की बाजारात जुड्या दिसू लागतात आणि पाककृतीही ढिगाने फिरतात. पण कोवळं कधीपर्यंत धरायचं, कुठला भाग टाकायचा, खाज का उठते, कडूपणा का राहतो हे त्यात क्वचितच असतं. जे दरवर्षी तोडतात, निवडतात, रांधतात त्यांनी तेवढंच इथे लिहावं. आठवणी नकोत, कृती हवी. नेमकी प्रमाणं द्या आणि काय बिघडतं तेही सांगा.

पालघरकडून, शेवळं

शेवळं (रानसुरणाच्या फुलोऱ्याचे कोंब) दोन-तीन आठवडेच मिळतात, आणि चुकतातही सर्वांत जास्त. हाताला आधी तेल चोळा. बाहेरचं जांभळट आवरण सोला. आतल्या दांड्यावर पिवळसर रवाळ भाग असतो, तो पूर्ण खरवडून टाका. घाईत त्याचा तुकडा राहिला तर सगळं भांडं खाजतं. उरलेला दांडा बारीक चिरून भरपूर तेलात परता. पाणी सुटून आटलं की काकडाचं (काकड म्हणजे रानातल्या झाडाचं आंबट फळ) पाणी घाला.

दोन जुड्यांना आठ-दहा काकडं लागतात. ती ठेचायची, बी काढायची, गर थोड्या पाण्यात वाटून गाळून घ्यायचा. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसत्या उकळण्याने त्यांची खाज जात नाही, आंबटच घालावं लागतं. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ चालतो, पण चव तितकी येत नाही. झाली की कणभर जिभेच्या टोकाला लावून मिनिटभर थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून दहा मिनिटं शिजवा. तशीच वाढू नका, घसा धरतो.

रायगड

वरच्यात एवढंच जोडते. सोडे किंवा कोलंबी घालायची असेल तर ती खाज मोडल्याची खात्री झाल्यावरच घाला. आधी घातलीत आणि शेवळं पुन्हा शिजवावी लागली तर कोलंबी रबरासारखी होते. ओलं खोबरंही शेवटीच.

रत्नागिरी, फोडशी आणि भारंगी

फोडशी (कुणी कुलू म्हणतं) बाजारातली असेल तर भीती नाही. स्वतः तोडायची असेल तर कळलावी या विषारी वेलीपासून सांभाळा. दोन्ही एकाच वेळी, त्याच कातळाच्या कडेला उगवतात. फोडशीची पानं गवतासारखी जमिनीतूनच झुबक्याने येतात. कळलावीला खोड असतं, पानं त्या खोडावर येतात आणि पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं. तिच्यात कोल्चिसिन असतं, ते जीवघेणं आहे. अगदी लहान कोंब ओळखू येत नसेल तर सोडून द्या.

साफ करताना एकेक पात सुटी करा, बुडाशी माती अडकलेली असते. मधला ताठ दांडा आणि बुडाचा पांढरा भाग काढा, नाहीतर चोथा लागतो. शिजून फारच कमी होते, तिघांना चार जुड्या धरा. दोन मोठे चमचे मूगडाळ तासभर भिजवून घातली की सात-आठ मिनिटांत भाजी होते.

भारंगीची शेंड्याची पानंच घ्या, मधली शीर काढा. मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून पाणी ओतून द्या, पानं हाताने हलकी दाबा. फार पिळलीत तर भारंगीचा कडवट स्वादच जातो, मग ती खाण्यात अर्थ नाही. बरोबर वालाचं बिरडं घाला.

पुणे, टाकळा आणि त्याच्या बियांचा चहा

पानांची भाजी सर्वांना माहीत आहे : रोप वीतभर असेपर्यंत, फक्त पानं, लसूण-कांदा आणि झाकण न ठेवता. पिवळी फुलं आली की सोडा. तेव्हा पानं राठ होतात आणि पोट ढाळतात.

मला लिहायचंय ते बियांबद्दल. शेंगा झाडावर वाळल्या की बिया काढा, धुवा, कडक उन्हात वाळवा. जाड तव्यावर मंद आचेवर सतत हलवत भाजा. तडतड थांबून कॉफीसारखा वास आला की उतरवा आणि जाडसर दळा. एक चमचा पूड, दोन कप पाणी, पाच मिनिटं उकळी, मग गाळा. यात कॅफिन नाही. कच्च्या राहिल्या तर सारक ठरतात, करपल्या तर नुसतं कडू पाणी. रोजचं पेय करू नका, आणि गरोदर बायकांनी तर टाळाच.

आता सर्वांत महत्त्वाचं. कासविंदा या टाकळ्यासारख्याच दिसणाऱ्या झुडपाच्या बिया टाकळ्यात मिसळू देऊ नका. काही गावांत त्यालाच रानटाकळा म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं ज्या गूढ आजाराने दगावत होती, तो कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने होत असल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या (देठावरच्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, टोक गोलसर. शेंग बारीक, लांब, वाकडी, चौकोनी धारेची. कासविंद्यात बहुधा चार-पाच जोड्या, टोक अणकुचीदार आणि शेंग चपटी, रुंद. पानं झडल्यावर फक्त शेंगेवरूनच ओळखावं लागतं, म्हणून शेंगा घरी आणून सोला. विकतच्या सुट्या बिया घेऊ नका.

सिंधुदुर्ग, बांबूचे कोंब

फूटभर उंचीचेच घ्या. साल काढून आडवे पातळ चिरा आणि पाण्यात दिवसभर ठेवा. पाणी दोन-तीनदा बदला. मग उघड्या भांड्यात वीस मिनिटं उकळून ते पाणी टाका. चव कडू असेल तर परत उकळा. कच्च्या कोंबात सायनाइड सुटणारा घटक असतो. चिरल्यावर तो मोकळा होतो आणि वाफेबरोबर निघून जातो. म्हणून पहिली उकळ कुकरमध्ये नको, झाकणही नको.

सातारा, उपळसरीचा चहा

उपळसरीची (अनंतमूळ) सगळी गोडी मुळाच्या सालीत. वेल बारीक, पानं अरुंद, समोरासमोर, मधल्या शिरेवर पांढरट पट्टा, तोडल्यावर चीक. पण खरी परीक्षा नाकाने : मूळ खरवडलं की व्हॅनिलासारखा गोड वास यायलाच हवा. वास नसेल तर ती दुसरीच वेल आहे, ठेवू नका.

बाजूची मुळं घ्या, मुख्य मूळ जमिनीत राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे काहीच नसेल. धुऊन बोटाच्या पेरांएवढे तुकडे करा, सावलीत वाळवा. सुगंध उडून जाणारा असल्यामुळे उन्हात वाळवलेलं किंवा खळखळून उकळलेलं मूळ नुसती काडी होतं. दोन कपांना एक चमचा ठेचलेलं मूळ. पाणी उकळून गॅस बंद करा, मूळ टाकून दहा मिनिटं झाका. दुधाच्या चहात घालायचं तर चहा पावडरीनंतर, उतरवताना.

गडचिरोली

मोहफुलांबद्दल एकच. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळू नका, तिथूनच वणवे लागतात. जुनी साडी किंवा जाळी पसरा, फुलं स्वच्छही मिळतात. सकाळीच वेचा, त्याच दिवशी पातळ पसरून वाळत घाला. ढीग राहिला तर आंबतात. वाळल्यावर चोळून आतले केसर पाखडून काढा, मग वाफवा.

पुन्हा रत्नागिरी

कुणी विचारलंय, बांधावरची भाजी चालेल का. बांधावर तणनाशक मारलं आहे का ते मालकाला विचारा. पानं कडेने पिवळी किंवा पिळवटलेली दिसली तर त्या बांधाला हात लावू नका. महामार्गाच्या कडेची आणि सांडपाण्याच्या नाल्यालगतची तर कधीच नको, धुऊनही नाही.