ॲम्पचा डावा आवाज जातो-येतो, जॅक साफ करून थकलो. मदत हवी आहे

एकतर्फी
जुना ॲम्प आहे. डावीकडचा आवाज मधेच गायब होतो, खरखर करत परत येतो. सगळे जॅक दोनदा साफ केले. दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. "मेकॅनिकला दाखवा" हे सांगू नका, दाखवून झालंय, फेकून द्या म्हणाला. जॅक साफ करायची खात्रीची पद्धत कोणती? जरा लवकर सांगा, उद्याच काय तो मोकळा आहे.

सोल्डरबाबा
कुठला ॲम्प, कुठले जॅक, कशाने साफ केले, कुठल्या इनपुटवर जातो? "पोट दुखतंय, गोळी सांगा" अशातला प्रकार झाला हा.

एकतर्फी
जॅक म्हणजे मागचे. लाल-पांढरे. स्प्रेने साफ केले.

सोल्डरबाबा
कुठल्या स्प्रेने?

एकतर्फी
घरात होता तो. बिजागऱ्यांना मारतो तो.

सोल्डरबाबा
तरीच. अहो, तो तेलकट असतो. मारल्यावर काळपटपणा जरा सुटतो म्हणून दोन दिवस बरं वाटतं, नंतर त्याच तेलावर धूळ बसते. आधी ॲम्प बंद करा, प्लग भिंतीतून काढा. ९९ टक्केवाल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून प्रत्येक जॅकची बाहेरची कडी आणि आतलं भोक पुसा. काडी काळी निघायची थांबली की मग कॉन्टॅक्ट क्लीनर. डिऑक्सिट मिळालं तर उत्तम. अगदी थोडं मारायचं आणि प्लग दहा-बारा वेळा घालून काढायचा. खरी सफाई त्या घासण्याने होते. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत ॲम्प लावू नका.

लाकडी_पेटी
एवढं सोवळं कशाला? बारीक पॉलिश पेपर घ्या, दोन हात मारा, चकचकीत. मी कायम असंच करतो.

सोल्डरबाबा
@लाकडी_पेटी, चकचकीत होतं कारण वरचा निकेलचा मुलामा गेलेला असतो. खालचं पितळ उघडं पडलं की आणखी लवकर काळवंडतं. सोन्याचा मुलामा तर इतका पातळ असतो की पेपरच्या दोन फेऱ्यांत साफ. कायम करावं लागतं ते त्यामुळेच.

लाकडी_पेटी
माझा ॲम्प वाजतोय. पुस्तकी लोकांशी वाद नाही.

तारकरी
जॅक सोडा हो. झाकण उघडून पाठीमागून बघा. जॅकचे पाय जिथे बोर्डावर डाखलेले असतात तिथे शिशात पायाभोवती बारीक गोल चीर दिसेल. वर्षानुवर्षं केबल ओढून-ढकलून ती पडते. दहात नऊ वेळा हेच असतं. (उघडण्याआधी प्लग काढून बराच वेळ थांबा. मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो चांगला झटका देतो.)

बिनसाखरेचा
गुणगुण येत असेल तर टर्नटेबलची ग्राउंडची बारीक तार ॲम्पच्या स्क्रूला घट्ट लावा. माझी लगेच गेली.

एकतर्फी
गुणगुण नाहीये! खरखर आहे!

विनाकारण
अवांतर: हेडफोनचा तो जाडा ६.३५ मिमीचा जॅक मुळात टेलिफोन एक्सचेंजमधला, एकोणिसाव्या शतकातला. ऑपरेटर तारा उपसून दुसरीकडे खुपसायचे, तोच. आरसीए जॅक, म्हणजे तुमचे ते लाल-पांढरे, नंतरचा, रेडिओला रेकॉर्ड प्लेयर जोडायला निघाला. चालू द्या.

नवा_भिडू
ब्लूटूथ स्पीकर घ्या की. एवढा त्रास कोणी सांगितलाय.

तारकरी
@नवा_भिडू, आभार. आता निघा.

अर्धवर्तुळ
एकतर्फी, दोन गोष्टी करून बघा, मग बोलू. (आधी आवाज शून्यावर आणा.) इनपुटच्या केबलची डावी-उजवी पिन आपसात बदला. खरखर उजवीकडे गेली तर दोष केबलचा किंवा प्लेयरचा. डावीकडेच राहिली तर ॲम्पचा. दुसरं, आवाज जातो तेव्हा हेडफोन लावा. तिथेही डावा कान बंद आहे का?

एकतर्फी
केबल बदलूनही डावीकडेच. रेडिओवरही जातो, तो तर ॲम्पच्या आतच आहे. हेडफोनवरही डावा बंद. आवाज मोठा केला की फट् करून परत येतो.

अर्धवर्तुळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर! रेडिओवरही जातो म्हणजे इनपुटचे जॅक निर्दोष. हेडफोनवरही जातो म्हणजे बहुतेक स्पीकरचा रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच) नाही. दोष मधे कुठेतरी आहे. आवाज वाढवल्यावर येतो, हे काजळी धरलेल्या जोडाचं लक्षण. हलका सिग्नल त्या थरातून जात नाही, जोरदार असला की घुसतो. टेप मॉनिटरचं (टेपचा आवाज ऐकायचं) बटण असेल तर ॲम्प बंद ठेवून वीस-तीस वेळा दाबा. आणि मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' असं लिहिलंय का? त्यांत यू आकाराच्या दोन धातूच्या पिना आहेत का?

एकतर्फी
हो, आहेत. पण ते जॅक थोडेच आहेत? पहिल्यापासून तशाच आहेत, कधी काढल्या नाहीत.

सोल्डरबाबा
देवा.

अर्धवर्तुळ
ॲम्पच्या पुढच्या भागातला सगळा आवाज त्या दोन पिनांमधूनच मागच्या भागात जातो. ॲम्प बंद करून काढा. पिना आणि त्यांची चारही भोकं अल्कोहोलने पुसा. घाई असेल तर आधी डाव्या पिनेच्या जागी साधी आरसीए केबल लावून बघा. ॲम्प चालू असताना मात्र पिनांना हात नको, स्पीकर जाईल.

तारकरी
तरी चीर बघून घ्या.

एकतर्फी
पिना कोळशासारख्या काळ्या होत्या. पुसल्या, गोल फिरवून बसवल्या. चार तास झाले, एकदाही गेला नाही, हळू आवाजातही नाही. अर्धवर्तुळ, आभार कसे मानू. आता फक्त व्हॉल्यूम फिरवताना उजवीकडे चर्र होतं. ते आधीपासूनच आहे, सांगायचं राहिलं.

सोल्डरबाबा
आधीपासून म्हणजे कधीपासून? साफ करूनही चर्र परत येत असेल तर व्हॉल्यूमच्या आधी जो कॅपॅसिटर असतो त्यातून डीसी (एकाच दिशेची वीज) गळत असेल, मग कितीही क्लीनर मारा, व्यर्थ. पण त्याआधी एक सांगा, खरं सांगा. तो बिजागरीचा स्प्रे व्हॉल्यूममध्येही मारला होतात का?

एकतर्फी
थोडासा.