मदत हवी आहे: गुरांवर मिळालेल्या कोरोना मदतीचा तिसरा आणि चौथा हप्ता जुळत नाही

नमस्कार मंडळी,

नेब्रास्कातील चेरी काउंटीत मी हिशेब लिहिण्याचे काम करते. मांसासाठी पाळलेल्या गाई अमेरिकेत सर्वांत जास्त याच काउंटीत आहेत, त्यामुळे इथे कोणाचेही खाते उघडले की गुरांपासूनच सुरुवात होते. शेजारच्या रँचवरील आजोबा वारले आणि मुलांच्या वाटणीसाठी २०२० आणि २०२१ चे कागद आजींनी माझ्याकडे दिले. त्यांत केंद्रीय कृषी खात्याच्या कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅमचे चार हप्ते आहेत: जून २०२० मध्ये ९,६४८ डॉलर, ऑगस्टमध्ये २,४१२, ऑक्टोबरमध्ये ४,४०० आणि एप्रिल २०२१ मध्ये २,२८५.

पहिले दोन, म्हणजे पहिल्या फेरीचे, मला उलगडले. १५ जानेवारी ते १५ एप्रिल २०२० या काळात विकलेल्या, ६०० पौंडांखालील वासरांना दर डोई १०२ डॉलर होते. आजोबांनी फेब्रुवारीत ६० विकली होती, त्याचे ६,१२० झाले. १६ एप्रिल ते १४ मे या काळात एका दिवशी जास्तीत जास्त जेवढी गुरे दावणीला होती, त्यांना दर डोई ३३ डॉलर. १८० गुरांचे ५,९४० झाले. एकूण १२,०६०, त्यांपैकी ८० टक्के आधी आणि २० टक्के नंतर.

घोडे अडले ते तिसऱ्या हप्त्यावर. तो दुसऱ्या फेरीचा. त्या फेरीत दर डोई ५५ डॉलर होते, म्हणून १८० गुरांचे ९,९०० यायला हवे होते. थोरल्या मुलाचे म्हणणे असे की ५,५०० डॉलर सरकारकडे राहिले आहेत आणि त्यासाठी दाद मागावी. अडीच लाखांची कमाल मर्यादा आड आली असेल म्हणावे, तर ही रक्कम तिच्या जवळपासही जात नाही. चौथ्या हप्त्यासाठी तर कोणी अर्ज केल्याचेही आजींना आठवत नाही. कृपया जाणकारांनी सांगावे.

शिवाय, संख्येचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त आजोबांची खिशातली वही आहे. पावसात भिजून शाई पसरलेली, पण वासरू जन्मल्याची तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक वाचता येतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर पीकपेरा तरी असतो. इथे गुरांचा तसा उतारा नसतो.

प्रतिसाद:

ताई, त्या ५,५०० ला ५५ ने भागून पाहा. बरोबर १०० येतात. १८० गुरांत गाई आणि वळू मिळून १०० असतील, तर दुसऱ्या फेरीत पैदाशीची जनावरे वगळली होती हे त्याचे कारण आहे. पहिल्या फेरीत ती ‘इतर गुरे’ या गटात धरली गेली, म्हणून तेव्हा सगळी १८० मोजली. दुसऱ्या फेरीत उरलेल्या ८० वासरांचे ४,४०० मिळाले, आणि ते नियमाप्रमाणेच आहेत. दाद मागण्यासारखे इथे काही नाही, हे थोरल्यांना आधीच सांगितलेले बरे.

चौथा हप्ता म्हणजे डिसेंबर २०२० च्या कायद्याने दिलेली वाढ. पहिल्या फेरीचा अर्ज मंजूर असला की ती आपोआप जमा होत असे, म्हणून आजींना काही आठवत नाही. ६०० पौंडांखालच्या वासराला ७ आणि ‘इतर गुरां’ना १७.२५ डॉलर: म्हणजे ५६० अधिक १,७२५. कराच्या हिशेबात मात्र हा हप्ता २०२१ मध्येच धरा; २०२० च्या १०९९-जी फॉर्मवर (सरकारने वर्षभरात दिलेल्या रकमा दाखवणारा कराचा कागद) १६,४६० एवढाच आकडा दिसायला हवा.

वही टाकू नका. तिच्या जोडीला विक्रीच्या पावत्या आणि पशुवैद्याची बिले लावा. चेरी काउंटी डागणीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर डागलेल्या मालकाच्या खुणेच्या, तपासणीच्या क्षेत्रात येते, तेव्हा फेब्रुवारीत विकलेल्या ६० वासरांचा तपासणी दाखलाही त्याच कागदांत सापडेल.

पुन्हा मी:

वही मोजली. १४ मेपर्यंतची बिल्ल्यांची नोंद ८० वर थांबते.