शाल-श्रीफळासोबत एक पत्रही द्या

कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरांचा निवृत्तीआधी सत्कार करावा, या सूचनेला माझा मनापासून पाठिंबा. पुण्यात आईच्या केमोच्या वेळी आम्हालाही अशाच एक सिस्टर लाभल्या होत्या, म्हणून थोडी भर घालतो.

डॉक्सोरुबिसिन हे केमोतलं लालभडक औषध. शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं, इतकं जहाल. केमोच्या तिसऱ्या फेरीपर्यंत आईच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या. सिस्टर कधी घाई करायच्या नाहीत. आधी गरम टॉवेल हाताला गुंडाळायच्या, बोटानं शीर चाचपायच्या, सुई गेल्यावर रक्त परत येतंय ना ते बघायच्या आणि मगच हळूहळू सिरिंज दाबायच्या. नजर आईच्या हातावर, गप्पा मात्र मावळातल्या इंद्रायणी तांदळाच्या. (आईचं माहेर तिकडचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.) "काकू, जरा चुरचुरलं तरी सांगायचं हं, सोसायचं नाही." लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं, नाहीतर त्या रात्री आमची गाळण उडाली असती.

शाल-श्रीफळ द्याच, पण रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला सह्यांचं पत्रही द्या. सिस्टरांनी नेमकं काय केलं ते त्यात लिहा. केंद्र सरकारचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे. त्यासाठी त्यांचं नाव पाठवा, अशी विनंतीही करा. १२ मे, परिचारिका दिन, गाठता आला तर फारच छान. सह्यांमध्ये आईची पहिली धरा.