आडवा सात, उभा सात

रविवार

शुभांगी (सी-२०४), ७:०५
सुप्रभात सगळ्यांना 🙏 ताईने पुण्याहून आजचं शब्दकोडं पाठवलंय, फोटो टाकतेय. नियम तोच. दहाच्या आत ग्रुपवर उत्तरं टाकायची नाहीत.

दिलीपभाऊ (सी-१०२), ७:२१
गारवा, रजई, पेव, नवजीवन, कसब. आडवा सात सोडून सगळं झालं 💪

माई (बी-३०२), ७:२४
दिलीप, मी अजून चष्मा शोधतेय.

मृणाल (ए-४०३), ७:२५
दिलीपकाका 😡 पोरगं झोपलेलं, चहा गरम, आठवड्यात एवढा एकच अर्धा तास मिळतो मला. तोही घालवलात.

दिलीपभाऊ, ७:२६
अहो तर पाहायचं नाही ना. मी काय पेपर तुमच्या डोळ्यांपुढे धरून राहिलो का?

शुभांगी, ७:२६
ग्रुप उघडला की दिसतंच हो. डिलीट करा आधी.

मृणाल, ७:२८
आता डिलीट करून काय, पेव डोक्यात बसलं.

चिन्मय (बी-५०१), ७:३०
पेव म्हणजे काय पण? मी तिथे 'पोते' लिहिलं होतं.

माई, ७:३६
जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड अरुंद आणि आत माणूस उभा राहील एवढी खोली. आमच्या आजोळी उज्जैनकडे ज्वारीचं होतं. उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणाला उतरू द्यायचे नाहीत. आधी कंदील सोडायचे दोरीने, विझला तर थांबायचं.

शुभांगी, ७:३८
म्हणजे अफवांचं पेव फुटतं ते हे होय! इतकी वर्षं मला वाटायचं फोडबिड काहीतरी असेल 😂

वकीलकाका (ए-१०१), ७:४०
अशा एका शब्दासाठी मी बाकीचं रद्दड कोडं माफ करतो. पण आडवा सात कोणी पाहिला का? 'पुण्यातील एक पेठ (४)'.

मृणाल, ७:४१
सोप्पंय. सदाशिव.

वकीलकाका, ७:४३
नाही बसत. तिसऱ्या घरात गारवाचा 'वा' येतो वरून आणि चौथ्यातून रजईचा 'र' खाली जातो. म्हणजे शेवट 'वार'.

मृणाल, ७:४४
मग शनिवार.

चिन्मय, ७:४४
किंवा रविवार. बुधवार पण आहे ना तिकडे?

मृणाल, ७:४६
अय्या. सातही वारांच्या पेठा आहेत पुण्यात. मंगळवार पाच घरांचा म्हणून सुटला. बाकी सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळे चार-चार घरांचे.

दिलीपभाऊ, ७:४७
मी म्हटलं ना सात सोडून. मला काय येत नव्हतं असं नाही.

माई, ७:५२
सापडला चष्मा. अरे, पहिल्या घरातून उभा सात पण सुरू होतो की. त्याचा क्लू काय आहे?

शुभांगी, ७:५४
फोटोत तिथे ताईचा अंगठा आलाय 🙈 फोन लावते.

अरविंदजी (सेक्रेटरी), ७:५५
आज ११ ते १ पाण्याची टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे. तसेच बी-विंगमधून काल पुन्हा ओला कचरा सुक्यात आला. गाडीवाल्याने घेतला नाही. इंदूरचे आहोत, थोडी लाज राखा.

माई, ७:५८
अरविंदजी, तो कचरा आमचा नाही. मी पेनाने कोडं सोडवते, खाडाखोडीचा कागदसुद्धा निघत नाही माझ्याकडे.

चिन्मय, ८:०१
माई पेनाने?? भिया, हे तर हेल्मेटशिवाय बायपासवर जाण्यासारखं झालं.

माई, ८:०४
पेन्सिलीने केलं की माणूस काहीही ठोकून देतो. पेन हातात असलं की आधी दोन्ही बाजूंनी तपासतो. वीज मंडळात हिशेब लिहिले बाबा आयुष्यभर, खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागायची.

शुभांगी, ८:१९
ताईने नीट फोटो पाठवला. उभा सात: 'चंद्र (२)'.

मृणाल, ८:२०
शशी! म्हणजे श. शनिवार. मी सांगितलंच होतं.

वकीलकाका, ८:२२
थांबा. 'सोम' म्हणजेही चंद्रच. सो आला तर सोमवार.

मृणाल, ८:२३
😐

चिन्मय, ८:२५
दुसरं घर? शी की म, ते कशाने तरी कापत असेल ना?

वकीलकाका, ८:२७
त्याच्या दोन्ही बाजूंना काळे चौकोन. आडव्या सातचं दुसरं घरही तसंच सुटं, खाली-वर काही नाही. दोन्ही जोड्या चोख बसतात आणि कुठलीच खोटी ठरत नाही. बनवणाऱ्याला पत्ताच नसेल.

चिन्मय, ८:३३
म्हणूनच मला अमेरिकन ग्रिड आवडतं. त्यात प्रत्येक घर आडव्यातही असतं आणि उभ्यातही, एकही सुटं नाही. ब्रिटिश पद्धतीत निम्मी घरं सुटी सोडतात, आपल्या मराठी कोड्यांसारखी. तिथे मग क्लू पक्का लागतो. हा क्लू कसला, लॉटरी आहे.

माई, ८:३५
मी शनिवार लिहिला. पेनाने. शनिवारवाडा लहान पोरालाही माहीत, 'एक पेठ' म्हटल्यावर तीच.

मृणाल, ८:३६
माईंना माझं अनुमोदन.

दिलीपभाऊ, ८:३९
गूगलला विचारलं. तो म्हणतो चंद्राला इंदू, शशी, सोम, विधू, सुधाकर... संपूनच नाही राहिलं.

मृणाल, ८:४०
गूगल चालत नाही काका. शब्दकोश चालतो. आजी-आजोबांना फोनही चालतो. मोबाइलवर शोधायचं असेल तर उद्याचा पेपरच वाचा ना, उत्तरं छापूनच येतात.

शुभांगी, ८:४२
मला नाही पटत गं. मी अडले की शोधते. एखाद्या नदीचं नाव मला नाही ठाऊक तर ते डोकं खाजवून थोडंच येणार आहे? आठवायचं असेल तर थांबते, माहितीच नसेल तर शोधते. पोळ्या लाटताना आठवतं ते वेगळं. परवा 'उंबरठा' असा आठवला की तव्यावरची पोळी करपली, पण नवऱ्याला तीच वाढली आनंदाने.

अरविंदजी, ९:०२
सूचना आहे. बरोबर उत्तराला सोसायटीतर्फे बक्षीस ठेवू. एक किलो लौंग सेव. प्रत्येकी दहा रुपये काढायचे, पोल मी टाकतो: सोमवार की शनिवार.

वकीलकाका, ९:२०
अरविंदजी, सेव ठेवा पण दहा रुपये घेऊ नका. थोडं लांब लिहितो, रविवार आहे.
शब्दकोड्यांची बक्षिसं हा या देशात एकेकाळी मोठा धंदा होता. बंगळुरूहून निघणाऱ्या एका इंग्रजी वृत्तपत्रातून कोडी मुंबई राज्यात यायची. प्रवेश फी भरायची, कूपन भरून पाठवायचं. गोम अशी की एकेका क्लूला दोन-दोन शब्द बसायचे. बरोबर कोणता हे अकलेने कळायची सोय नाही, आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी तुमचं जुळलं तर तुम्ही हुशार. मुंबई सरकारने कर लावला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तेच चमरबागवाला प्रकरण, निकाल १९५७. मधल्या काळात केंद्राचा प्राइज कॉम्पिटिशन्स ॲक्ट, १९५५ आला. महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षिसं असतील तर बंदी, त्याखाली परवाना, आणि प्रवेशिका दोन हजारांच्या आत. कोर्टाने म्हटलं, जुगार हा घटनेने राखलेला व्यापार नव्हेच. मात्र जिथे कौशल्यावर निकाल लागतो ती स्पर्धा या कायद्यात येत नाही.
आता आडवा सात बघा. शशी का सोम हे कोणत्या कौशल्याने ठरवणार?

चिन्मय, ९:२३
काका, म्हणजे कोड्यावरून लोक सुप्रीम कोर्टात गेले? 🤯

वकीलकाका, ९:२४
दोनदा. केंद्राच्या कायद्याविरुद्धही गेले, निकाल त्याच साली.

अरविंदजी, ९:३०
दहा रुपये रद्द. सेव माझ्याकडून. पोल चालू आहे.

चिन्मय, ९:४४
मी जरा वाचलं. जगातलं पहिलं क्रॉसवर्ड आर्थर विन नावाच्या माणसाने केलं, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पेपरमध्ये, २१ डिसेंबर १९१३. शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. नाव 'वर्ड-क्रॉस'. आणि त्याने सुरुवातीचा एक शब्द आयताच भरून दिला होता, 'फन'. इथे पण एक घर भरून द्यायचं ना, 'श' किंवा 'सो'. विषय संपला असता.

सोमवार

शुभांगी, ७:१०
उत्तर आलं. आडवा सात सोमवार, उभा सात सोम.

दिलीपभाऊ, ७:११
वारही आज सोमवारच 😎 पोलमध्ये मी सोमवारच दाबलं होतं. सेव कधी?

माई, ७:२०
मी शनिवार बरोबर धरते. पेपरने चूक छापली म्हणून मी का खोडू?

मृणाल, ७:२२
माई, तुमच्या बाजूने मी कोर्टात येईन.

माई, ७:३१
मुळात हे रोज पुण्याच्या पेठा, मुंबईची स्टेशनं आणि कोकणातल्या खाड्या किती दिवस सोडवायच्या आपण? होळकरांपासून इथे आहोत. एखादं कोडं इंदूरचं नको का? मीच करते.

वकीलकाका, ७:३३
करा. पण प्रत्येक क्लूला एकच उत्तर.

बुधवार

माई, १६:१५
वाटतं तितकं सोपं नाही रे. सराफा आडवा घेतला, आपला रात्रीचा खाऊबाजार. त्याच्या 'रा'तून राजवाडा खाली सोडला, झकास. राजवाड्याच्या 'वा'वर माळवा संपवला. माळव्याच्या 'मा'तून मावा खाली, 'डा'तून डाळ आडवी, क्लू 'बाफल्याबरोबर हवीच'. मग वाटलं माळव्याच्या 'ळ'मधून होळकर उतरवू. तर 'हो' जाऊन बसला बरोबर सराफ्याच्या 'स'खाली. 'सहोळकर' झालं.

शुभांगी, १६:१८
😂😂 सहोळकर, सहपरिवार.

चिन्मय, १६:२५
माई, चौकट उलटी धरली तरी काळे चौकोन तिथेच दिसले पाहिजेत. इंग्रजीत तो नियमच आहे.

माई, १६:२९
इंग्रजीत एका घरात एक अक्षर, काना-मात्रेची भानगड नाही. माझ्याकडे 'रा' ला 'रा'च लागतो, 'र' चालत नाही. 'ज्योत्स्ना' म्हणशील तर दोन घरांत आटोपते, पण तिच्या 'त्स्ना'तून खाली काय सोडू? तुझी सममिती तू सांभाळ.

वकीलकाका, १६:३१
छप्पन घेतलंत का? ती खाऊगल्ली नसेल तर इंदूरचं कोडं कसलं.

माई, १६:३८
घेतलं ना, तिथेच घोडं अडलंय. जिरावन आडवा केला. त्याच्या 'रा'तून गराडू उभा जातो, 'न' वर छप्पन येऊन संपतं. पण छप्पनचा 'प्प' एकटा पडला. गप्पा, टप्पा, सगळ्यांना काना. मग चप्पल सुचली, जशीच्या तशी बसते.

चिन्मय, १६:४६
बसत नाही माई. मी कागदावर करून पाहिलं. तिचा 'च' गराडूच्या 'ग'ला चिकटतो. 'गचप्पल' वाचलं जातं.

दिलीपभाऊ, १६:४७
गचप्पल म्हणजे पावसात राजवाड्यावर जे होतं ते.

माई, १६:५०
चप्पल काढली. 'प्प' राहू दे सुटा. क्लू असा ठेवते की दुसरं काही बसायचंच नाही.

शुक्रवार

शुभांगी, १९:०२
माईंच्या कोड्याचा फोटो. दिलीपभाऊ, तुमच्यासाठी वेगळा नियम आहे. तुम्ही उद्या सकाळी उघडायचा.

मृणाल, १९:२०
'पंचावन्नाच्या पुढे, खाऊन दमा (३)', छप्पन 😄 'रंगपंचमीला राजवाड्यावरून जाते (२)', गेर, ती रंगांची मिरवणूक. 'पोह्यावर भुरभुरा (४)', जिरावन. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ओळख करून दिली होती.

मृणाल, १९:३४
'थंडीत सराफ्यात तळून, मसाला मारून (३)' हे काय? समोसा लिहिलं होतं, पण मध्ये 'रा' येतो जिरावनचा. कुरमुरा? नाही, तो चार घरांचा.

चिन्मय, १९:३५
भिया, पुणे अडकलं 😂

मृणाल, १९:३६
कोणी सांगू नका. कोणी म्हणजे कोणीच नाही.

वकीलकाका, १९:३८
माई, या क्लूला एकच उत्तर आहे का? मी तपासतोय.

माई, १९:३९
तपासा. शेवटच्या घरात 'डू' आहे एवढं सांगते, विनने शब्द दिला होता, मी एक घर देते.

मृणाल, २०:१२
गराडू!! ते कंद का? मी त्यांना सुरण समजून मागच्या वर्षी खाल्लेच नाहीत.

शुभांगी, २०:१३
काय सांगतेस! या थंडीत जाऊ या सगळ्या.

अरविंदजी, २०:२०
सेवचा एक किलोचा पुडा माझ्याकडे आहे. वाटायचा कसा ते वकीलसाहेबांनी सांगावे.