लहान मुलांचा प्रवासी ट्रे: आधी शिलाई की आधी नोंदणी?

टाके_दोरे
प्रवासात मुलाच्या मांडीवर ठेवायचा कापडी ट्रे. खाली फोमची गादी, वर पुसता येणारं कापड, खडू घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच भिंत, मागे कमरेला बक्कलाचा पट्टा. असं काही सुचलं की लोक आधी पेटंटवाल्याकडे धावतात. माझं म्हणणं उलट आहे. वीस-पंचवीस नग शिवा, वेगवेगळ्या घरी वापरायला द्या आणि महिन्याने परत मागवा. शिवलेल्या वस्तूला साचा लागत नाही. कागदी फर्मा बदलला की दुसऱ्या दिवशी नवा नग तयार.

परत आलेला मळका नग बरंच काही सांगतो. ट्रे ताठ राहावा म्हणून आत २ मिमीचा प्लास्टिकचा पत्रा घातला आणि त्याचे कोपरे काटकोनी ठेवले, तर काही धुण्यांतच कोपरा कापड भोसकून बाहेर डोकावतो. तो बाटलीच्या झाकणाएवढा गोल कापा. भिंत आणि तळ जिथे जोडले जातात ती शिवण आतल्या बाजूला आली, तर बिस्किटाचा चुरा तिथेच मुक्काम ठोकतो. हे कागदावर दिसत नाही. आणि "छान आहे हो" म्हणून ट्रे कपाटात ठेवणाऱ्यांचं मत धरू नका.

आराखडा
असहमत. गुप्ततेचा करार न करता पंचवीस घरी नग दिले, म्हणजे वस्तू जगजाहीर झाली. अमेरिकेत पेटंटचा अर्ज करायला त्यानंतर १२ महिन्यांची मुभा आहे, युरोपात जवळपास नाही. अर्जाच्या आदल्या दिवशी विकलेला एक नगही पेटंटला लागणारं नावीन्य घालवू शकतो. डिझाइन नोंदणीला, म्हणजे वस्तूच्या रूपावरच्या हक्काला, युरोपीय संघ १२ महिने देतो, पण प्रत्येक देशाची गोष्ट वेगळी. पहिला अर्ज केला की इतर देशांत अग्रक्रम मिळतो, म्हणजे तिथला नंतरचा अर्जही पहिल्याच तारखेचा धरतात: पेटंटला १२ महिने, डिझाइनला फक्त ६. म्हणून आधी अर्ज, मग सुई.

अर्जातलं चित्रही जपून द्या. 'ट्रंकी' ही मुलाने बसून ढकलायची चाकांची पेटी. तिचे निर्माते तशाच दुसऱ्या पेटीविरुद्धचा नकलेचा दावा ९ मार्च २०१६ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. नोंदणीत संगणकावर केलेली करड्या छटांची चित्रं होती, त्यात चाकं आणि पट्टा गडद. न्यायालयाने तो छटांमधला फरकही डिझाइनचाच भाग धरला. नुसती रेघांची चित्रं दिली असती, तर दावा फक्त आकाराचा राहिला असता.

बक्कल_घट्ट
आराखडा, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. नोंदणी असूनही खटला हरले, तरी पेटी लाखांनी खपली. कशामुळे? लोकांना ती हवी होती. तिचे कर्ते रॉब लॉ २००६ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर गुंतवणूक मागायला गेले, तेव्हा एका गुंतवणूकदाराने पट्टा ओढला आणि तो निखळला. रिकाम्या हाती परतले. तो धडा वकिली नव्हता, पट्ट्याचा होता.

या ट्रेवरही तेच. २५ मिमी नायलॉन पट्टीचं टोक आधी ज्योतीवर वितळवा, दुमडा, मग चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला. एकेरी शिवणीत सगळा भार काठाच्या पहिल्या टाक्यावर येतो. तो तुटला की पुढची रांग उसवत जाते. भरलेली बादली नुसती टांगून कळणार नाही, हिसका द्या. मूल पट्टा धरून हिसके देतं, बादलीसारखं शांत लोंबकळत नाही.

कोपरे_गोल
तुम्ही दोघं भांडताय, पण ट्रे कुठे वापरायचा हे कुणी विचारलंच नाही. विमानात, रेल्वेत ठीक. मोटारीत जोरात ब्रेक लागला की तो पत्रा मुलाच्या पोटासमोर ताठ उभा असतो. शिवाय ट्रेचा पट्टा चाइल्ड सीटच्या पट्ट्याखाली गेला, तर तो पट्टा अंगाला घट्ट बसत नाही. हे न सांगता पंचवीस घरी वाटणं म्हणजे लोकांच्या मुलांवर प्रयोग.

बटणं, खडे, शोभेचे प्राणी आधी ओढून बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांच्या चाचणीसाठी ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. सुटलेला तुकडा तिच्यात मावला तर तो घशात अडकू शकतो. बिजागर असेल तर ५ मिमीची सळई शिरते तिथे १२ मिमीचीही शिरली पाहिजे, नाहीतर बोट चेमटणार. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेनच्या सुमारे १० लाख बाबागाड्या परत बोलावल्या, बिजागरात मुलांची बोटं जात होती म्हणून. इलाज काय, तर बिजागरावर चढवायचं आवरण! ते आधीच सुचलं असतं तर स्वस्तात पडलं असतं.

टाके_दोरे
मोटारीचा मुद्दा मान्य. त्यासाठी पत्रा काढून नुसत्या फोमचा, बिनपट्ट्याचा नग करीन. बटणांऐवजी वेल्क्रो, फक्त तो बंद करून धुवा अशी पट्टी शिवावी लागेल, नाहीतर काट्यांत लोकर भरते आणि पकड जाते. रेघांची चित्रं देऊन डिझाइनचा अर्ज नग वाटायच्या आठवड्यातच करायलाही हरकत नाही. पेटंटचं मात्र नावही काढणार नाही. ट्रेला भिंत लावणं हा शोध नव्हे.

आराखडा
पत्रा काढला, पट्टा काढला. मग ती भिंतवाली उशी झाली. उशीला ट्रेचे पैसे कोण देणार?