मदत हवी आहे: जाड भौमितिक अक्षरांत 'ध' आणि 'घ' वेगळे दिसेनात

मंडळी,

विज्ञानकथांच्या एका अंकाच्या शीर्षकासाठी देवनागरी अक्षरं काढतोय. थाट हवा आहे तो १९६०च्या आसपास लोकांनी रंगवलेल्या भविष्याचा: रुंद, ठोकळेबाज, कोपरे गोलावलेले. रोमनमध्ये वाट आधीच पडलेली आहे. बुत्ती आणि नोव्हारेसे या अक्षररचनाकारांच्या मायक्रोग्रामा या फॉन्टमध्ये (१९५२) फक्त कॅपिटल अक्षरं होती. लहान अक्षरं नोव्हारेसेंच्या युरोस्टाइलमध्ये (१९६२) आली. त्यातला 'ओ' जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा, धड चौकोन नाही की धड गोल नाही. तोच आकार मी व, ब, ठ यांच्या पोटाला दिला आणि दोन दिवस स्वतःवरच खूश होतो.

मग जाडी वाढवली आणि सगळं बिनसलं. दांडा १८० युनिट (फॉन्ट आखण्याचं माप), शिरोरेषाही १८०, तरी शिरोरेषा छपरासारखी डोक्यावर बसली. आडवी रेघ डोळ्याला जाडच भासते, म्हणून ती १५० केली. एवढं जमलं.

खरा घोळ पुढे आहे. भौमितिक करण्याच्या नादात 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची गाठ मी छाटली. आता घ-ध आणि म-भ यांत फरक उरला तो शिरोरेषेतल्या फटीचा, आणि या जाडीत ती फट बुजते. शिरोरेषाच उडवावी का? नासाच्या १९७५च्या बोधचिन्हात रोमन 'ए'ची आडवी रेघ नाही, तरी वाचताना अडत नाही. गुजरातीचंही शिरोरेषेवाचून अडलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
उडवू नका! गुजराती अक्षरं शिरोरेषेशिवायच घडली आहेत. तुमची तिला लटकलेली आहेत. शिवाय फरक फटीत उरलाय म्हणता, मग रेषाच गेल्यावर फट कशात ठेवणार? फट निदान अक्षराच्या पोटातल्या पोकळीएवढी रुंद करा आणि गाठीचा एखादा तुकडा परत आणा. अक्षरं सुटी तपासू नका. घन-धन, मान-भान अशा जोड्या लावा, बारीक करा आणि लांबून वाचा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. 'ष' आणि 'ब'च्या पोटातली तिरकी रेघही पाहा. ती दांड्याएवढी जाड ठेवलीत तर पोट भरून जाईल. निम्म्यावर आणा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. रेघा जिथे मिळतात तिथे आतून बारीक खाच मारा, म्हणजे काळा गोळा होत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. फट रुंद केली, गाठ अर्धी परत आणली. घन-धन आता खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वेगळे दिसतात. 'ष'पण सुटला. पण 'भ' आता 'म'शेजारी फारच ऐसपैस दिसतोय. त्याची रुंदी कमी करू की 'म'ची वाढवू?